मुंबई हायकोर्टातला पहिला हिंदी बॅरिस्टर : न्या. बदरुद्दीन तय्यबजी

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर अंजुमन-ए-इस्लामची जुनी देखणी इमारत आहे. रोज लाखो माणसे तिच्यासमोरून जातात. ही संस्था ज्यांनी उभी केली, त्यांत बदरुद्दीन तय्यबजी हे एक प्रमुख नाव. शाळा-कॉलेजच्या पुस्तकात ते काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष म्हणून एका ओळीत भेटतात. पण त्यांचे खरे आयुष्य गेले ते कोर्टात. आधी वकील म्हणून आणि मग न्यायाधीश म्हणून. वकिलीचा रस्ता आपल्या लोकांसाठी जवळजवळ बंद होता, त्या काळात तो त्यांनी कसा पार केला, हे आजच्या तरुणांनी समजून घेण्यासारखे आहे.

बदरुद्दीन यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे खंभातचे, सुलेमानी बोहरा समाजातले. वडील मुल्ला तय्यब अली भाई मियाँ व्यापारी होते. त्या काळी इंग्रजी शिकले की मुलगा धर्मापासून दूर जाईल, अशी भीती मुस्लिम समाजात खोलवर होती. तय्यब अली धर्मनिष्ठ होते, तरीही त्यांनी ती भीती मानली नाही. मुलांना त्यांनी आधी मदरशात उर्दू, फारसी शिकवले, मग इंग्रजी शाळेत घातले आणि पुढे युरोपला पाठवले. ज्ञान परक्या भाषेत असले म्हणून ते परके होत नाही, हा त्यांचा विचार होता.

थोरले बंधू कमरुद्दीन आधीच इंग्लंडला गेले होते. तिथे सॉलिसिटर म्हणून नोंद झालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांच्याकडे पाहूनच पंधरा वर्षांच्या बदरुद्दीनने वकील व्हायचे ठरवले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये काही काळ शिकून ते डोळ्यांच्या उपचारासाठी फ्रान्सला गेले आणि 1860 मध्ये लंडनच्या शाळेत दाखल झाले. सुएझ कालवा खुला व्हायला तेव्हा अजून नऊ वर्षे होती. मुंबईहून जहाजाने सुएझ, तिथून जमिनीवरून अलेक्झांड्रिया आणि मग पुन्हा जहाज, असा तो प्रवास होता.

सॉलिसिटर आणि बॅरिस्टर यांतला फरक आज अनेकांना माहीत नसतो. सॉलिसिटर पक्षकाराला भेटतो, कागदपत्रे जमवतो, खटल्याची बांधणी करतो. बॅरिस्टर त्याच्याकडून आलेल्या ‘ब्रीफ’वर न्यायाधीशापुढे उभा राहून बाजू मांडतो. सॉलिसिटर व्हायचे तर एखाद्या कचेरीत काही वर्षे उमेदवारी करावी लागे. बॅरिस्टर व्हायचे तर लंडनच्या चार ‘इन’पैकी एकात नाव घालावे लागे. लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन या त्या चार संस्था. तिथे ठरावीक सत्रे भरावी लागत. सत्र भरणे म्हणजे काय, तर इनच्या भोजनगृहात ठरलेल्या संख्येने जेवणाला हजर राहणे. सक्तीची परीक्षा तर 1872 मध्ये आली. त्याआधी व्याख्याने ऐकून किंवा एखाद्या जाणत्या वकिलाच्या चेंबरमध्ये बसूनही काम भागत असे. म्हणजे शिकायचे किती, हे बरेचसे विद्यार्थ्याच्या इमानावर अवलंबून होते.

बदरुद्दीन यांनी 1863 मध्ये मिडल टेंपलमध्ये नाव घातले. त्यांनी हा अभ्यास मनापासून केला, पण डोळे साथ देईनात. 1864 च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मुंबईला परतावे लागले. वकिलीत दिवसरात्र वाचन असते आणि ज्याला वाचताच येईना त्याने काय करावे? घरचा व्यापार होता, तो सांभाळून सुखात राहता आले असते. त्यांनी तसे केले नाही. डोळ्यांना विश्रांती दिली, दरम्यान विवाह झाला आणि 1865 च्या अखेरीस ते पुन्हा लंडनला गेले. एप्रिल 1867 मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि डिसेंबरमध्ये मुंबईला परतले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. तेव्हा त्यांचे वय होते तेवीस.

हायकोर्ट स्थापन होऊन त्या वेळी जेमतेम पाच वर्षे झाली होती. मूळ शाखेत, म्हणजे मुंबई शहरातले मोठे व्यापारी दावे जिथे थेट दाखल होत तिथे, इंग्रज बॅरिस्टरांचेच राज्य होते. हिंदी वकिलांचे काम मुख्यतः अपील शाखेत चाले. अशा ठिकाणी एका हिंदी तरुणाकडे ब्रीफ कोण देणार? इथे कमरुद्दीन यांच्या सॉलिसिटरकीचा आधार मिळाला. पण भावाने दार उघडून दिले तरी आत टिकायचे ते स्वतःच्या बळावर. मुद्देसूद युक्तिवाद, शांत स्वर आणि साक्षीदाराची बारकाईने उलटतपासणी यांच्या जोरावर काही वर्षांतच ते मुंबईच्या पहिल्या फळीतले वकील झाले. पुढे 1890 च्या दशकात मोहनदास गांधी नावाचा नवा बॅरिस्टर मुंबईत काम शोधत असताना त्याला फिरोजशहा मेहता आणि बदरुद्दीन तय्यबजी यांच्या युक्तिवादाच्या गोष्टी ऐकवल्या जात. सोबत हेही सांगितले जाई की, नव्या वकिलाने पाच-सात वर्षे रिकामे बसण्याची तयारी ठेवावी.

विलायत हा एकच रस्ता मात्र नव्हता. मुंबईत 1855 पासून सरकारी लॉ स्कूल होते. काशिनाथ त्र्यंबक तेलंग इथेच शिकले आणि हायकोर्टाची अॅडव्होकेटची कठीण परीक्षा देऊन 1872 मध्ये मूळ शाखेत उभे राहिले. मेहता आणि तय्यबजी लंडनहून आलेले, तेलंग मुंबईतच घडलेले. एक पारशी, एक मुस्लिम, एक हिंदू. या तिघांची मैत्री मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचा कणा बनली. 1883 मध्ये इल्बर्ट विधेयकावरून वादळ उठले. हिंदी न्यायाधिकाऱ्याने युरोपियन आरोपीचा खटला चालवावा, हे गोऱ्यांना मान्य नव्हते. तेव्हा टाऊन हॉलच्या सभेत या तिघांनी विधेयकाची बाजू मांडली. 1885 मध्ये तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभारली.

आपल्या समाजाच्या शिक्षणाकडेही बदरुद्दीन यांचे लक्ष होते. 1874 मध्ये कमरुद्दीन आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली आणि आयुष्यभर ती वाढवली. मुलींच्या शिक्षणाचा आग्रह त्यांनी धरला आणि पडद्याच्या रूढीला विरोध केला. हे सगळे आधी स्वतःच्या घरात केले, मग समाजाला सांगितले.

1887 मध्ये मद्रासच्या अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. हे पद भूषवणारे ते पहिले मुस्लिम. अलीगढचे सर सय्यद अहमद खान यांचा काँग्रेसला तीव्र विरोध होता. बदरुद्दीन यांना सर सय्यदांच्या शैक्षणिक कार्याबद्दल आदर होता, पण मुस्लिमांनी देशाच्या सामाईक प्रश्नांपासून अलग राहावे, हे त्यांना पटत नव्हते. दोघांत पत्रव्यवहार झाला, मतभेद राहिले, पण भाषेची मर्यादा सुटली नाही. एखाद्या समाजाचा जवळजवळ एकमुखाने विरोध असेल तो विषय काँग्रेसने चर्चेला घेऊ नये, असा तोडगा त्यांनी सुचवला आणि 1888 च्या अलाहाबाद अधिवेशनात तसा ठराव झाला. यात त्यांची वकिली दृष्टी दिसते. समोरच्याची शंका उडवून न लावता तिला नियमात जागा द्यायची, ही ती दृष्टी.

1895 मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, तिथले पहिले मुस्लिम न्यायाधीश. दोनच वर्षांनी त्यांच्यासमोर एक अर्ज आला. पुण्यात प्लेगचा कहर होता, जून 1897 मध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि सरकार खवळले होते. ‘केसरी’तील लिखाणावरून राजद्रोहाच्या आरोपाखाली जुलैअखेर लोकमान्य टिळकांना अटक झाली. खालच्या कोर्टाने जामीन नाकारला. हायकोर्टातही पहिला अर्ज फेटाळला गेला. मग बॅ. दिनशा दावर यांनी न्या. तय्यबजींपुढे पुन्हा अर्ज केला. 4 ऑगस्टला तय्यबजींनी जामीन मंजूर केला.

टिळक आणि तय्यबजी यांचे राजकारण एक नव्हते. शिवाय एका हिंदी न्यायाधीशाने त्या तापलेल्या वातावरणात जामीन द्यावा, हे सत्ताधाऱ्यांना रुचणारे नव्हते. पण त्यांच्यापुढे प्रश्न टिळकांच्या मतांचा नव्हता. खटला उभा राहायला अवकाश आहे, आरोपी पळून जाणारा नाही, त्याला बचावाची तयारी करता आली पाहिजे आणि उद्या तो निर्दोष ठरला तर भोगलेली कोठडी परत घेता येणार नाही, एवढाच विचार कायद्याला धरून होता. पुढे सप्टेंबरमध्ये खटला चालला. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी आणि तिघा हिंदींनी निर्दोष ठरवले आणि दीड वर्षाची शिक्षा झाली. म्हणजे जामिनाने निकाल बदलला नाही. पण दोषी ठरेपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व त्या दिवशी राखले गेले. याच दावरांनी 1908 मध्ये न्यायाधीश म्हणून टिळकांना जामीन नाकारला आणि सहा वर्षांची शिक्षा सुनावली, हे आठवले की, 1897 च्या त्या आदेशाचे मोल अधिक कळते.

मुंबई हायकोर्टाचे प्रभारी मुख्य न्यायाधीश होण्याचा मानही पुढे त्यांना मिळाला. डोळ्यांचे दुखणे आणि प्रकृतीच्या तक्रारी असूनही ते काम करत राहिले. ऑगस्ट 1906 मध्ये, ज्या लंडनमध्ये ते वकील झाले, तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांचा मुलगा फैज हायकोर्टाचा न्यायाधीश झाला आणि मुस्लिम कायद्यावरचा त्याचा ग्रंथ वकिलांचा आधार बनला. पुतणे अब्बास तय्यबजीही बॅरिस्टर. बडोद्याच्या न्यायालयात मोठे पद भूषवून, म्हातारपणी 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींच्या अटकेनंतर नेतृत्व करायला ते पुढे झाले.

आज वकील होण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यासाठी प्रवेश परीक्षा, मग बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा, असा मार्ग गावातल्या मुलामुलींनाही खुला आहे. 1961 च्या कायद्याने बॅरिस्टर, वकील, प्लीडर हे भेद जाऊन सगळे ‘अॅडव्होकेट’ झाले. मुंबईत सॉलिसिटरची परीक्षा अजून आहे. कोर्टातली वकिली, कंपन्यांची कायदेविषयक कामे, सरकारी वकिली, लोकसेवा आयोगामार्फत न्यायाधीशपद, अध्यापन, गरिबांसाठी विधी साहाय्य अशी क्षेत्रे आहेत. सिनियरच्या हाताखाली तुटपुंज्या मानधनावर काढायची पहिली वर्षे मात्र अजून तशीच आहेत आणि गरीब घरातली हुशार मुले तिथेच गळतात.

बदरुद्दीन यांच्या मागे श्रीमंत वडील आणि सॉलिसिटर भाऊ होता. प्रत्येकाच्या मागे तसे कोणी नसते, हे त्यांनी ओळखले होते, म्हणून तर अंजुमन उभी राहिली. रमजानमध्ये अनेक घरांत वर्षभराच्या दानाचा हिशेब मांडला जातो. त्यात एखाद्या होतकरू विद्यार्थ्याच्या कायद्याच्या पुस्तकांना, फीला, त्या पहिल्या रिकाम्या वर्षांना थोडी जागा मिळाली, तर दुसऱ्याच्या हक्कासाठी उभा राहणारा आणखी एक माणूस गावाला मिळेल. मग तो कोणत्या धर्माचा, हे त्याच्या दारात येणारा पक्षकार विचारणार नाही.