मलबार हिलची ती संध्याकाळ आणि इंदूरची गादी

इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटच्या नावात महाराजा तुकोजीराव दडलेले आहेत, हे तेथील किती गिऱ्हाइकांना ठाऊक असेल, कोण जाणे. तिसरे तुकोजीराव होळकर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९० चा. वडील शिवाजीराव यांनी १९०३ मध्ये गादी सोडली तेव्हा ते बारा वर्षांचे होते. पूर्ण अधिकार १९११ मध्ये मिळाले. इंदूरच्या नगररचनेसाठी त्यांच्या दरबाराने पॅट्रिक गेडीस यांना पाचारण केले होते.

तरीही त्यांचे नाव निघते ते मुंबईच्या एका खुनाच्या संदर्भात. दरबारातील नर्तकी मुमताज बेगम कित्येक वर्षे महाराजांच्या जनान्यात होती. मसुरीच्या प्रवासात दिल्ली स्थानकावर तिने पुढे जाण्यास साफ नकार दिला आणि अखेर मुंबईत अब्दुल कादर बावला या तरुण, धनाढ्य व्यापाऱ्याचा आश्रय घेतला. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी श्रीमंतांच्या मलबार हिलवर त्यांच्या मोटारीला दुसरी मोटार येऊन भिडली. बावला गोळ्यांना बळी पडला, मुमताजच्या चेहऱ्यावर शस्त्राचे वार झाले. गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी वाट चुकून नेमके तेथे आले. त्यांतील एकाने गोल्फच्या काठीनेच हल्लेखोरांचा सामना केला. ते आले नसते, तर मुमताज पळवली गेली असती आणि तिची जबानीही कोणाला ऐकायला मिळाली नसती.

आरोपींचे धागेदोरे इंदूरपर्यंत पोहोचले. त्यांत संस्थानच्या फौजेतील अधिकारी आनंदराव फणसे होते. त्यांचा बचाव बॅरिस्टर जीनांनी केला. तिघांना फाशीची शिक्षा झाली. प्रत्यक्षात दोघे फासावर गेले. हुकूम कोणाचा, हा प्रश्न मात्र न्यायालयात सुटला नाही. सरकारने महाराजांपुढे दोन वाटा ठेवल्या: चौकशी आयोग किंवा राजत्याग. २६ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांनी पुत्र यशवंतरावांसाठी गादी सोडली. त्यावरून त्यांना दोषी ठरवणे न्याय्य नाही. पण निर्दोषत्व सिद्ध करण्याची संधी त्यांनी स्वतःच नाकारली, हेही खरे. संस्थानिकाची उघड चौकशी टळल्याने सरकारचीही सोय झालीच असावी.

१९२८ मध्ये त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. हिंदू धर्म स्वीकारून ती शर्मिष्ठादेवी झाली. राजत्यागानंतर बावन्न वर्षांनी, १९७८ मध्ये, पॅरिसमध्ये तुकोजीराव निवर्तले.