जे. आर. डी. टाटा : एका उड्डाणाची पूर्वतयारी

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो या गावी कुटुंब सुटीसाठी जात असे. १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारे लुई ब्लेरिओ तेथे त्यांचे शेजारी होते. त्याच गावी, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांना प्रथम विमानात बसावयास मिळाले. मनात धरलेली इच्छा फलद्रूप होण्यास मात्र दहा वर्षे लागली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत त्यांना भारतातील पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला.

आगाखान यांनी त्याच सुमारास ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. भारत व इंग्लंड यांमधील प्रवास भारतीय वैमानिकाने एकट्याने, एका महिन्याच्या आत पुरा करावयाचा होता. मे १९३० मध्ये टाटा जिप्सी मॉथ विमानातून कराचीहून निघाले. अशा विमानात रेडिओ नसे; नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारी किनाररेषा हेच मार्गदर्शक. इंधनाची टाकी लहान, म्हणून प्रत्येक टप्पा आधी मोजून ठरवावा लागे, आणि वाटेत न मिळणारे सुटे भाग बरोबर न्यावे लागत.

इजिप्तमधील अबुकीर येथे त्यांची गाठ इंग्लंडहून उलट दिशेने निघालेल्या सतरा वर्षांच्या अस्पी इंजिनियर यांच्याशी पडली. हा प्रतिस्पर्धी एका स्पार्क प्लगवाचून अडकून पडला होता. टाटांजवळ जादा प्लग होते. दिला नसता तर स्पर्धा बहुधा त्यांचीच होती. त्यांनी तो दिला. इंजिनियर यांनी आपले जीवरक्षक जाकीट त्यांना भेट दिले. काही तासांच्या फरकाने पारितोषिक इंजिनियर यांना मिळाले. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

या पराभवाने टाटांचे लक्ष विचलित झाले नाही. नेव्हिल व्हिन्सेंट यांनी कराचीपर्यंत येणारी विलायती टपाल पुढे हवाईमार्गे मुंबई व मद्रासला नेण्याची योजना मांडली होती. सरकारने अनुदान नाकारल्याने ती अनेक वर्षे रखडली. अखेर अनुदानाची अट सोडून, केवळ वाहिलेल्या टपालाच्या मोबदल्यावर टाटांनी हे काम पत्करले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी स्वतः पुस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणले. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूहून बेळ्ळारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा व्हिन्सेंट यांनी पुरा केला. जुहूचा तळ पावसाळ्यात चिखलात बुडे. तेव्हा पुण्याचा आश्रय घ्यावा लागे.

या सेवेतूनच एअर इंडिया उभी राहिली. १९५३ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी अध्यक्षपद टाटांकडेच राहिले. १९७८ मध्ये ते त्यांच्याकडून काढून घेण्यात आले. पहिल्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवी दिनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या टाटांनी कराची ते मुंबई हा मार्ग एका छोट्या जुन्या विमानातून पुन्हा आक्रमिला. १९९२ मध्ये ते भारतरत्न झाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.