हेल्मेटचा हिशेब मांडणारे सर्जन

पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, रोहा या पट्ट्यात सायकल अजूनही पोटापाण्याची गाडी आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारा कामगार, पहाटे दूध आणि वर्तमानपत्रे टाकणारी मुले, शाळा सुटल्यावर दोघी-तिघी मिळून घरी परतणाऱ्या मुली, सगळे एकाच रस्त्यावर असतात आणि शेजारून कंटेनर व ट्रक जात असतात. पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली दिसत नाही, रस्त्याची कड खचलेली असते. मोटारसायकल चालवणाऱ्याने हेल्मेट घालावे, हे सर्वांना ठाऊक आहे; पाळणे न पाळणे वेगळे. सायकलवाल्याने घालावे का, असे विचारले तर मात्र बहुतेक जण हसतात. सायकलचा वेग तो केवढा, असे त्यांना वाटते.

या प्रश्नाकडे नीट पाहायचे तर सर ह्यू केर्न्स यांचे आयुष्य समजून घ्यावे लागते. डोक्याला मार लागून येणाऱ्या माणसांवर शस्त्रक्रिया करता करता, ही माणसे रुग्णालयापर्यंत येऊच नयेत यासाठी त्यांनी आकडे गोळा केले. दुचाकीस्वाराचे हेल्मेट हा वैद्यकशास्त्राचा विषय झाला, त्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

केर्न्स यांचा जन्म २६ जून १८९६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी या बंदराच्या गावी झाला. रोह्याचे चिंतामणराव देशमुखही त्याच वर्षी जन्मले. केर्न्स यांचे वडील स्कॉटलंडहून आलेले, लाकूडकाम करणारे गृहस्थ होते. मुलगा हुशार निघाला आणि ॲडलेडला वैद्यकीय शिक्षण घेऊ लागला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो अजून विद्यार्थीच होता. तरीही तो साधा सैनिक म्हणून भरती झाला आणि ग्रीसच्या लेमनॉस बेटावरील लष्करी रुग्णालयात त्याने काम केले. १९१७ मध्ये पदवी मिळाली. पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्ती घेऊन केर्न्स ऑक्सफर्डला आले आणि नंतर लंडन हॉस्पिटलमध्ये शल्यचिकित्सक झाले.

मेंदूवरची शस्त्रक्रिया तेव्हा बाल्यावस्थेत होती. या शास्त्राचे जनक मानले जाणारे हार्वी कुशिंग अमेरिकेत बोस्टनला होते. १९२६-२७ मध्ये केर्न्स त्यांच्या हाताखाली शिकायला गेले. घाई न करता, एकेक रक्तवाहिनी बांधत, मेंदूला कमीत कमी धक्का लावत शस्त्रक्रिया करायची ही कुशिंग यांची पद्धत होती. प्रत्येक रुग्णाची तपशीलवार नोंद ठेवायची, हीसुद्धा. लंडनला परतल्यावर केर्न्स यांनी मेंदूची शस्त्रक्रिया हेच आपले क्षेत्र मानले. नोंदी ठेवण्याची सवय त्यांना पुढे शस्त्रक्रियेइतकीच कामाला आली.

मे १९३५ मध्ये इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात एक अपघात झाला. पहिल्या महायुद्धात अरबस्तानात नाव कमावलेले टी. ई. लॉरेन्स १३ मे रोजी मोटारसायकलवरून घरी परतत होते. रस्त्याच्या खोलगट भागात सायकलवर चाललेली दोन मुले त्यांना ऐनवेळी दिसली. मुलांना चुकवताना लॉरेन्स यांचा तोल गेला आणि ते रस्त्यावर फेकले गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. पाचारण केलेल्या तज्ज्ञांमध्ये केर्न्स होते, पण मेंदूला झालेली इजा इतकी मोठी होती की कोणाच्याही हाती करण्यासारखे काही उरले नव्हते. सहा दिवस बेशुद्धीत काढून १९ मे रोजी लॉरेन्स वारले. ते ४६ वर्षांचे होते. या मृत्यूमुळे केर्न्स यांचे लक्ष हेल्मेटकडे वळले, असे मानले जाते. प्रत्यक्ष अभ्यासाला मात्र युद्ध पेटावे लागले.

दरम्यान त्यांनी ऑक्सफर्डमध्ये नवे वैद्यकीय विद्यालय उभे करण्याची योजना मांडली होती. तिला बळ दिले लॉर्ड नफिल्ड यांनी. हे नफिल्ड म्हणजे मॉरिस मोटारीचे कारखानदार. त्यांची सुरुवात ऑक्सफर्डमध्ये पोरवयात काढलेल्या सायकलदुरुस्तीच्या धंद्यातून झाली होती. त्यांनी वीस लाख पौंडांची देणगी दिली आणि १९३७ मध्ये केर्न्स तेथे शल्यशास्त्राचे पहिले नफिल्ड प्राध्यापक झाले.

दुसऱ्या महायुद्धात केर्न्स लष्कराचे मेंदूशस्त्रक्रियेचे सल्लागार होते. १९४० मध्ये ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजच्या इमारतीत डोक्याच्या जखमींसाठी खास लष्करी रुग्णालय उघडले. युद्धकाळात तेथे सुमारे १३,००० जखमींवर उपचार झाले. आघाडीच्या जवळ जाऊन शस्त्रक्रिया करणारी फिरती पथके केर्न्स यांनी उभी केली. १९४३ मध्ये हॉवर्ड फ्लोरी यांच्याबरोबर उत्तर आफ्रिकेत जाऊन त्यांनी सैनिकांच्या जखमांवर पेनिसिलिन वापरून पाहिले. फ्लोरी हेही ॲडलेडचेच.

पण त्यांच्या खाटांवर येणारे सगळेच जखमी शत्रूच्या गोळीने पडलेले नव्हते. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने इंग्लंडात रात्री दिवे बंद असत, गाड्यांचे दिवे झाकलेले असत. लष्करी निरोप पोहोचवणारे मोटारसायकलस्वार त्या अंधारात रात्रभर धावत आणि आदळत. केर्न्स यांनी सरकारी नोंदी तपासल्या. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागे बसलेली माणसे मरण पावली होती, आणि या मृत्यूंमध्ये डोक्याची इजा हे प्रमुख कारण होते.

हेल्मेट तेव्हा अगदीच नवे नव्हते. १९१४ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतींचे डॉक्टर एरिक गार्डनर यांच्या आग्रहावरून शर्यतीतल्या स्वारांना ते सक्तीचे झाले होते. मात्र शर्यतीबाहेर ते कोणी वापरत नसे. केर्न्स यांना हेल्मेट घातलेल्या स्वारांच्या डोक्याला इजा झाल्याची सातच उदाहरणे मिळाली. त्या सातांपैकी एकही दगावला नव्हता. हे सारे त्यांनी ऑक्टोबर १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापले. पुढच्याच महिन्यात लष्कराने कामावरील मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

सात हा आकडा लहान आहे, हे केर्न्स यांच्यासारख्या माणसाला वेगळे सांगायला नको होते. म्हणून लेख छापून ते थांबले नाहीत. १९४३ मध्ये त्यांनी होलबर्न या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर हेल्मेट घातलेल्या १०६ अपघातग्रस्तांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुटलेली हेल्मेटे गोळा करून, कुठे मार बसला आणि आतल्या डोक्याचे काय झाले, हे पडताळले. व्हल्कनाइज्ड रबराची आणि लगद्याची, अशा दोन प्रकारच्या हेल्मेटांची तुलना केली. १९४६ मध्ये युद्धकाळातील मृत्यूंचा आलेख मांडला. नोव्हेंबर १९४१ च्या आदेशानंतर लष्करी मोटारसायकलस्वारांचे मृत्यू घटत गेल्याचे त्यात दिसत होते.

होलबर्न यांनी याच काळात आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कवटी कठीण असली तरी आतला मेंदू खरवसाच्या वडीसारखा मऊ असतो. जिलेटिनचे नमुने हलवून त्यांनी दाखवले की डोके झटक्याने गरगर फिरले की आतला मऊ भाग पिळवटतो. त्यामुळे कवटी न फुटताही मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. बाहेर खरचटलेसुद्धा नाही म्हणून माणूस सुखरूप आहे, असे समजणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

केर्न्स यांचा सगळा अभ्यास मोटारसायकलस्वारांचा होता. तो सायकलला लागू पडतो का? इथे वेगापेक्षा उंचीचा विचार आधी करावा लागतो. सायकलवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. तेवढ्या उंचीवरून डोके थेट खाली आले तर जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. सायकल जागच्या जागी उभी असली तरी हा वेग तेवढाच राहतो. डांबर किंवा काँक्रीट दबत नाही, म्हणून डोके क्षणार्धात थांबते आणि सगळा धक्का कवटीला व मेंदूला बसतो. हेल्मेटच्या आतला फोमचा थर दबतो आणि थांबण्याचा तो क्षण किंचित लांबवतो. धक्क्याचा जोर त्यामुळेच उतरतो.

सायकलस्वारांवरचे अभ्यास पुढे अनेक देशांत झाले. अशा ४० अभ्यासांचा, ६४,००० हून अधिक जखमी सायकलस्वारांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात आढळले. केर्न्स यांच्याच ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यात, १९९० मध्ये सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. देशभर सक्ती करणारा पहिला देश असे यश मिळवण्याच्या या मार्गात वादही झाला. सक्तीनंतर मेलबर्नमध्ये सायकल चालवणाऱ्या किशोरवयीन मुलांची संख्या घटली. सायकल सुटली की व्यायामही सुटतो, असा विरोधकांचा मुद्दा होता आणि तो खोटा नाही. नेदरलँड्समध्ये बहुतेक लोक हेल्मेट न घालता सायकल चालवतात. पण तेथे सायकलसाठी वेगळे, मोटारींपासून अलग रस्ते आहेत.

पेण-रोह्याच्या रस्त्यावर तसा अलग मार्ग नाही, त्यामुळे नेदरलँड्सचा दाखला इथे चालत नाही. भारतातील मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मोटारसायकलसाठी आहे, सायकलसाठी नाही. सायकलवाल्यांवर दंडाची सक्ती आणली तर पहिला फटका बसेल तो ज्याला दुसरे वाहन परवडत नाही त्याला. म्हणून सक्ती व्हावी की नाही हा वाद चालू राहील, पण हेल्मेटने डोके वाचते का, या प्रश्नाचे उत्तर त्या वादावर अवलंबून नाही.

हेल्मेटच्या मर्यादाही माहीत असाव्यात. भरधाव कंटेनरखाली आलेल्याला ते वाचवू शकत नाही. भिसे खिंडीच्या उतारावर सायकलचा ब्रेक लागला नाही तर तेथेही ते अपुरे पडू शकते. खड्डे बुजवणे, रस्त्याच्या कडेला जागा सोडणे, अवजड वाहनांचा वेग रोखणे ही कामे प्रशासनाचीच राहतात. अंधारात मागे लाल दिवा किंवा परावर्तक पट्टी हवीच. हेल्मेट उपयोगी पडते ते खड्ड्यात चाक अडकून पडणे, घसरणे, दुचाकीचा धक्का लागणे अशा पडण्यांत, आणि सायकलवरून माणूस बहुतेक वेळा असाच पडतो.

सायकलचे हेल्मेट हलके आणि हवेशीर असते. मोटारसायकलचे जड हेल्मेट कोकणच्या उकाड्यात सायकलवर कोणी घालणार नाही. हेल्मेट कपाळावर, भुवईच्या दोन बोटे वर बसले पाहिजे. मागे सरकलेल्या हेल्मेटखाली कपाळ उघडे राहते. हनुवटीखालचा पट्टा बांधलेला असावा आणि त्यात एखाद-दुसरे बोटच शिरावे. एकदा जोरात आदळलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे, कारण आतला फोम एकदा दबला की पुन्हा पूर्ववत होत नाही.

डोक्याला मार लागलेला माणूस उठून बोलू लागला म्हणून निर्धास्त होऊ नये. कवटीच्या आत रक्तस्राव होत असेल तर काही वेळ शुद्धीत राहिलेला माणूस नंतर पुन्हा गुंगीत जातो. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, झोपेतून न उठणे, झटके, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसले तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये, मान वेडीवाकडी हलू देऊ नये.

केर्न्स यांना १९४६ मध्ये सर हा किताब मिळाला. १८ जुलै १९५२ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, ऑक्सफर्डमध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ब्रिटनमध्ये सर्व मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले ते १९७३ मध्ये, त्यांच्या पहिल्या लेखानंतर ३२ वर्षांनी. मधल्या काळात ज्यांनी तो लेख वाचून किंवा कोणाचे ऐकून आपणहून हेल्मेट घातले, त्यांना कायद्याची गरज पडली नाही. आपल्याकडे सायकलसाठी असा कायदा येईल किंवा येणार नाही. धाटावच्या रात्रपाळीला सायकल काढणाऱ्याने आणि मुलीला शाळेसाठी सायकल घेऊन देणाऱ्या आईवडिलांनी त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.