मनाचा कौल आणि नाथांचा हिशेब

मनाचे ऐकावे, असे हल्ली सगळेच सांगतात. पदवीदान समारंभाला आलेले पाहुणे सांगतात, दुकानात मांडून ठेवलेली गुळगुळीत पुस्तके सांगतात, नोकरीला कंटाळलेल्या भाच्याला त्याचे मित्रही तेच सांगतात. सल्ला वाईट नाही. पण तो कानावर पडला की माझ्या मनात एक शंका येते. मनाचे ऐकायचे म्हणजे काहीतरी सोडायचे, नोकरी सोडायची, घर सोडायचे, गाव सोडायचे, असाच अर्थ आपण का धरतो? ज्याला यातले काहीच सोडणे शक्य नाही, ज्याला रोज सकाळी दूध आणायचे आहे, म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायचे आहे, महिनाअखेरीला घरखर्चाचा मेळ घालायचा आहे, त्याने मनाचे ऐकायचेच नाही की काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला फार लांब जावे लागत नाही. छत्रपती संभाजीनगरहून दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे आणि वायव्येला पंधराएक किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. या दोन ठिकाणांच्या मधल्या टापूत चारशेहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने मनाचे ऐकून आयुष्य काढले आणि तेही बायकामुलांत राहून, चारचौघांसारखा संसार करून. त्याचे नाव एकनाथ. आमचे हे शहर तेव्हा नव्हतेच. मलिक अंबरने खडकी वसवली ती १६१० साली, म्हणजे नाथ गेल्यानंतर.

नाथांचा जन्म साधारण १५३३ सालचा धरतात. घराणे भानुदासांचे. विजयनगरला नेलेली विठ्ठलाची मूर्ती पंढरीला परत आणली, अशी ज्यांची ख्याती, ते भानुदास नाथांचे पणजोबा. आईवडील लहानपणीच गेले, म्हणून आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी नातवाला वाढवले. हा नातू बाराएक वर्षांचा असताना कोणालाही न सांगता घरातून निघाला आणि देवगिरी गाठून जनार्दनस्वामींच्या दारात उभा राहिला. इथपर्यंतची गोष्ट आजच्या पुस्तकांत शोभेल अशीच आहे. मनाने हाक दिली आणि मुलगा निघाला! खरी गोष्ट पुढे आहे.

जनार्दनस्वामी हे गुहेत बसलेले बैरागी नव्हते. निजामशाहीच्या चाकरीत असलेले ते देवगिरीचे अधिकारी होते. किल्ल्याचा कारभार, शिबंदी, रसद, वसूल हे सगळे सांभाळून ते दत्ताची उपासना करीत. त्यांनी या ब्रह्मज्ञानासाठी आसुसलेल्या मुलाला काय दिले? ध्यान नाही, मंत्र नाही. हिशेबाच्या वह्या दिल्या.

पैची ती गोष्ट महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. जमाखर्चात एका पैची चूक येत होती. नाथ रात्री दिवा लावून बसले, वह्या पुन्हा पुन्हा उलगडल्या आणि उत्तररात्री ती चूक सापडली, तेव्हा आनंदाने टाळी वाजवून उठले. स्वामी जागे झाले. एवढ्याशा चुकीचा शोध लागल्यावर इतका आनंद, तर संसाराच्या हिशेबातली मोठी चूक सापडल्यावर तो किती होईल, अशा आशयाचे त्यांनी शिष्याला सुनावले, असे सांगतात. कीर्तनकार या गोष्टीचा सगळा भर गुरूच्या या बोलण्यावर देतात. मी आयुष्यभर हिशेबाच्या टेबलावर काम केले, म्हणून असेल, पण मला त्या रात्रीच्या आधीची वर्षे महत्त्वाची वाटतात. एक पै सापडेपर्यंत उठायचे नाही, ही सवय एका रात्रीत लागत नाही. जो माणूस वहीतल्या पैशी खोटे वागत नाही, तो पुढे स्वतःच्या मनाशीही खोटे वागू शकत नाही. मनाचा आवाज ऐकू येण्यासाठी आधी कान तयार व्हावा लागतो आणि नाथांचा कान या वह्यांवर तयार झाला.

सहा वर्षांच्या गुरुसेवेनंतर शूलिभंजनच्या डोंगरावर तप झाले, तीर्थयात्रा झाली. नाथ पैठणला परतले, पण घरी गेले नाहीत, गावातच एका देवळात उतरले. इकडे आजोबा नातवाच्या शोधात होते आणि त्यांनी जनार्दनस्वामींकडून एक पत्र आणून ठेवले होते. पत्र हाती पडेल तिथेच राहावे आणि गृहस्थाश्रम स्वीकारावा, अशी त्यात आज्ञा होती. रस्त्यात आजोबांची गाठ पडली, पत्र वाचले आणि नाथ तिथेच थांबले, एक पाऊलही पुढे टाकले नाही, अशी आख्यायिका आहे. ज्या मुलाने मनाच्या हाकेसरशी घर सोडले होते, त्याला त्याच्या साधनेने पुन्हा घरातच आणून बसवले. मला नाथचरित्रातले हे सर्वांत विलक्षण वळण वाटते. जाणे सोपे होते, थांबणे अवघड होते.

पुढे गिरिजाबाईंशी लग्न झाले. गोदावरी आणि गंगा या दोन मुली आणि हरी हा मुलगा. दिवस ठरलेला असे. पहाटे गोदास्नान, मग पूजा, लेखन, दुपारी अतिथींसह जेवण, पुराण आणि रात्री कीर्तन. या चाकोरीतच नाथांच्या मनाचे कौल येत आणि तेही अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या निमित्ताने. भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक मूल रडताना दिसते. ते अस्पृश्य मानलेल्या घरचे असते. नाथ त्याला कडेवर घेतात, नाक पुसतात आणि त्याच्या घरी पोचवतात. घरी पितरांच्या श्राद्धाचा स्वयंपाक चाललेला असतो, रस्त्याने जाणाऱ्या महार कुटुंबातल्या पोराला त्या वासाने भूक लागते आणि नाथ ते अन्न त्यांनाच जेवू घालतात. यात डोंगर चढायचा नाही, राज्य सोडायचे नाही. समोर आलेली भूक आणि आपल्या ताटातले अन्न यांच्यामध्ये शास्त्राचा कागद येऊ द्यायचा नाही, एवढेच.

या कथा आपल्याला आज मुख्यतः महिपतींमुळे ठाऊक आहेत. त्यांचा भक्तविजय १७६२ सालचा, म्हणजे नाथांनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिलेला. तेव्हा यातले किती घडले आणि किती भक्तीने घडवले, याचा निवाडा अभ्यासकांनी करावा. पण मराठी समाजाने आपल्या एका संताविषयी नेमक्या याच गोष्टी जपाव्यात, यालाही काही अर्थ आहे. १९३५ साली प्रभातने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली नाथांवर बोलपट काढला. बालगंधर्व त्यात नाथ झाले होते. त्याचे मूळ नाव ‘महात्मा’. त्या नावाला सेन्सॉरने हरकत घेतली आणि मग त्याचा ‘धर्मात्मा’ झाला. तीन-साडेतीन शतकांपूर्वीच्या माणसाची गोष्टसुद्धा सरकारला ताजी आणि तापदायक वाटली, ती काही उगीच नाही.

मात्र नाथांना बंडखोर म्हणताना मी जरा थांबतो. त्यांनी वर्णव्यवस्था मोडली नाही. श्राद्धाच्या प्रकरणी पैठणच्या ब्रह्मवृंदाने प्रायश्चित्त सांगितले, तर ते घ्यायलाही नाथ तयार झाले, असे चरित्रे सांगतात. केले ते चूक होते म्हणून नव्हे, तर भांडण वाढवण्यात त्यांना रस नव्हता म्हणून. ही त्यांची मर्यादा म्हणावी लागेल. एका घरात एका दिवशी वाढलेल्या ताटाने व्यवस्था हलत नाही. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठीही १९२७ साली बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, हा इतिहास डोळ्यांआड करून नाथांचे गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे नाही.

पण नाथांच्या वागण्यात एक सूत्र आहे आणि तेच मला या लेखात सांगायचे आहे. मनाचा कौल मानताना त्याची किंमत कोणाच्या खात्यावर पडते, हे ते पाहत. वाळीत टाकायचे तर मला टाका, प्रायश्चित्त द्यायचे तर मला द्या. खर्च स्वतःच्या नावे मांडायचा आणि जमा दुसऱ्याच्या नावे. आपण बहुधा उलटे करतो. मनासारखे वागतो आपण आणि ते निस्तरतात घरचे.

इथे गिरिजाबाईंचे नाव घेतलेच पाहिजे. श्राद्धाचा स्वयंपाक दिल्यावर तो दुसऱ्यांदा कोणी केला? त्यांनीच. पण त्या केवळ सोसणाऱ्या नव्हत्या. नाथांना राग आणून दाखवण्याची पैज लावून एक जण घरात शिरला, सोवळ्यातल्या नाथांच्या मांडीवर जाऊन बसला आणि तेवढ्याने भागेना म्हणून जेवणाच्या वेळी वाढायला वाकलेल्या गिरिजाबाईंच्या पाठीवर चढला. नाथांनी बायकोला सांगितले, पाहुणा पडेल हो, सांभाळ. त्यावर त्या म्हणाल्या, हरीला पाठीवर घेऊन काम करायची मला सवय आहे, याला कशी पडू देईन? पैज तिथेच संपली. ही हजरजबाबी बाई नसती, तर नाथांचा तो संसार चार दिवसही चालला नसता.

आणि मग हरी. खरी कसोटी बाहेरच्यांनी घेतली नाही, ती पोटच्या मुलाने घेतली. हरिपंडित संस्कृतचा विद्वान झाला. बापाने प्राकृतात पुराण सांगावे, कोणाच्याही घरचे अन्न घ्यावे, हे त्याला पटेना. तो बायकामुलांसह काशीला निघून गेला. गंमत पाहा, हरिपंडितही आपल्या मनाचाच कौल मानत होता! दोन माणसे, दोघेही प्रामाणिक, दोघांचीही मने वेगळे सांगत आहेत आणि घर एकच. अशा वेळी कोणतेही चकचकीत पुस्तक उपयोगी पडत नाही.

ज्यांच्या मराठी भागवतावर काशीतच आक्षेप घेतला गेला आणि ज्यांनी अठरा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ १५७३ साली काशीतच पुरा केला, ते नाथ आता मुलाची समजूत घालायला तिथे गेले. मुलाने दोन अटी घातल्या. प्राकृत सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. नाथांनी त्या मान्य केल्या. मराठीसाठी काशीच्या पंडितांपुढे नमते न घेणारा माणूस मुलासाठी गप्प बसला. पैठणला हरिपंडित संस्कृतात सांगू लागले आणि श्रोते हळूहळू पांगले. नाथ तरीही काही बोलले नाहीत.

मग एक गरीब विधवा आली. नवऱ्याने भरभराटीच्या दिवसांत सहस्रभोजनाचा संकल्प सोडला होता. आता तो राहिला नव्हता आणि पैसाही राहिला नव्हता. एका नाथांना जेवू घातले तरी संकल्प पुरा होईल, असे तिला कोणी सांगितले होते. नाथांनी तिला नाही म्हटले नाही आणि मुलाला दिलेला शब्दही उधळला नाही. स्वयंपाक हरिपंडितांनीच तिच्या घरी करावा, असा मार्ग काढला. जेवण झाल्यावर पत्रावळ उचलायलाही मुलालाच सांगितले. एक उचलली की खाली दुसरी, अशा हजार पत्रावळी निघाल्या, असे कथा म्हणते आणि मुलाचा अभिमान गळाला. चमत्कार बाजूला ठेवा. हिशेब पाहा. स्वतःचा श्रोतृवर्ग, लौकिक, आवडीची भाषा हे नाथांच्या खात्यातले होते, ते त्यांनी मुलासाठी खर्ची घातले. विधवेची अडचण त्यांच्या खात्यातली नव्हती, ती सोडून देण्याचा त्यांना अधिकार नव्हता, तिथे ते हटले नाहीत. कोणत्या गोष्टीत माघार घ्यावी आणि कोणत्या गोष्टीत घेऊ नये, हे इतक्या स्वच्छपणे मला दुसरीकडे फारसे आढळलेले नाही.

पैचा हिशेब शोधणारी ती नजर अखेरपर्यंत टिकली. १५८४ साली नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत हातोहात नकला होताना पाठांत शिरलेल्या चुका त्यांनी वेचून काढल्या आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये, असे बजावले. स्वतः हजारो ओव्या रचणाऱ्या कवीने दुसऱ्याच्या ग्रंथातले स्खलन शोधत बसावे, याला प्रतिभेइतकीच निष्ठा लागते. रस्त्यावरच्या वासुदेवाला, गोंधळ्याला, जोग्याला भारुडांत बोलते करणारे नाथही तेच. दारावरून जाणारा आवाज त्यांना ऐकू येत असे, कारण ऐकण्याची सवय होती.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला, असे परंपरा मानते. नाथषष्ठीला आजही लाखो माणसे पैठणला येतात. त्यातली बहुतेक घरसंसार असलेली माणसे, दोन दिवसांनी परत कामाला जाणारी. मनाचे ऐकण्यासाठी त्यांना कुठे पळून जायचे नसते. आज घरात कोण उपाशी आहे, कोण रुसले आहे, कोणाचे देणे आपण दुसऱ्याच्या नावावर मांडले आहे, एवढे रात्री निजण्याआधी एकदा तपासले, तरी वहीतली ती पै सापडण्याचा संभव आहे. सापडली तर टाळी वाजवायला हरकत नाही. घरातले जागे झाले, तर त्यांनाही कारण सांगता येईल.