पी. सावळाराम

निवृत्ती रावजी पाटील ऊर्फ पी. सावळाराम (जन्म : ४ जुलै १९१४, मृत्यू : २१ डिसेंबर १९९७) हे मराठी भावगीतकार आणि ठाणे नगरपालिकेचे नगराध्यक्ष होते. ‘पी’ हे पाटील या आडनावाचे इंग्रजी आद्याक्षर, तर सावळाराम हे टोपणनाव. तबकड्यांवर हेच नाव छापले जाई. त्यामुळे नगरपालिकेचा कारभार पाहणारे पाटील आणि लेकीच्या पाठवणीचे गाणे लिहिणारे सावळाराम ही एकच व्यक्ती, हे ठाण्याबाहेरच्या बहुतेक श्रोत्यांच्या ध्यानातही येत नसे.

त्यांचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात येडेनिपाणी येथे झाला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील शिक्षणानंतर शिधावाटप खात्यातील नोकरीमुळे ते ठाण्यात आले आणि तेथेच स्थायिक झाले.

गीतलेखन

संगीतकार वसंत प्रभू आणि गायिका लता मंगेशकर यांच्यासमवेत सावळारामांनी मराठी भावगीताला घराघरांत नेले. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तेवढ्या अवकाशात एक संपूर्ण कौटुंबिक प्रसंग उभा करणे हे त्यांचे खरे सामर्थ्य होय. माहेर-सासर, आई-लेक, देव्हारा, अंगण हे त्यांचे विश्व. जात्यावरच्या ओव्यांना जवळची अशी त्यांची भाषा असल्याने अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांनाही ही गीते सहज पाठ झाली. कदाचित याच सोपेपणामुळे समीक्षकांनी त्यांना कवी म्हणून फारसे विचारात घेतले नाही.

‘गंगा जमुना’ या शब्दांनी सुरू होणारे त्यांचे गीत सासरी निघालेल्या मुलीची समजूत घालते. रेल्वे स्थानकावर लेकीला निरोप देणारी आई पाहून ते सुचले, असे सांगितले जाते. पुढे कित्येक वर्षे लग्नमंडपात वधूच्या पाठवणीच्या वेळी ध्वनिक्षेपकावर हेच गीत वाजत राहिले. ‘कल्पवृक्ष’ हे गीत १९४२ मध्ये पुण्यात निवर्तलेल्या मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या स्मृतीशी निगडित आहे. बाबांनी लावलेले झाड बहरले, पण ते पाहायला बाबा नाहीत, ही त्यातील खंत दीनानाथांच्या थोरल्या कन्येनेच गायिल्यामुळे त्या गीताला निराळे वजन आले. ‘कन्यादान’ आणि ‘पुत्र व्हावा ऐसा’ या चित्रपटांसाठीही सावळारामांनी गीते लिहिली. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात वसंत प्रभूंचे निधन झाले आणि ही जोडी फुटली.

सार्वजनिक जीवन

याच दशकात सावळाराम ठाण्याचे नगराध्यक्ष झाले. मराठी गीतकाराने लोकप्रतिनिधी होणे अगदीच अपूर्व नव्हते; ग. दि. माडगूळकर १९६२ पासून विधान परिषदेचे सदस्य होते. मात्र वरिष्ठ सभागृहातील सदस्यत्व वेगळे आणि नळ, गटारे, दिवाबत्ती यांच्या तक्रारी रोज दारात येणारे पद वेगळे. मुंबईलगतचे हे शहर तेव्हा कारखान्यांमुळे झपाट्याने वाढत होते. नगरपालिकेची महानगरपालिका १९८२ मध्ये, म्हणजे त्यांच्या कारकिर्दीनंतर बऱ्याच वर्षांनी झाली.

त्यांच्या निधनानंतर ठाणे महानगरपालिकेने ‘जनकवी पी. सावळाराम’ पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. त्याच्या जोडीने अभिनेत्रींना दिला जाणारा ‘गंगा-जमुना पुरस्कार’ त्यांच्या गीताची आठवण ठेवतो.