डिकन्सचे लंडन

ज्याने लंडन शहर कधीही पाहिलेले नाही, अशा माणसाच्या मनातही त्या शहराचे एक चित्र असते. सगळीकडे दाट धुके पसरले आहे आणि त्यात गॅसच्या दिव्यांचा पिवळसर उजेड विरून गेला आहे. दगडी फरशीच्या अरुंद रस्त्यावरून एक घोडागाडी खडखडत चालली आहे. एका पडक्या घराच्या पायरीवर फाटक्या कपड्यांतला मुलगा पाय पोटाशी घेऊन बसला आहे. रंगभूमीवर, बोलपटांत, चित्रमय पुस्तकांत आणि पुढे दूरचित्रवाणीच्या मालिकांत हेच लंडन पुनःपुन्हा दाखवले गेले. खरे लंडन गेल्या दीडशे वर्षांत पार पालटले. कोळशाच्या धुराने काळवंडलेले ते धुके गेले आणि ओझी वाहणाऱ्या घोडागाड्याही गेल्या. लोकांच्या मनातले लंडन मात्र अजून जागचे हललेले नाही. हे चित्र मुख्यत्वे एका लेखकाच्या लेखणीतून उतरले. त्या लेखकाचे नाव चार्ल्स डिकन्स.

चार्ल्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टस्मथ या बंदरात झाला. त्याचे वडील जॉन डिकन्स आरमाराच्या पगारखात्यात कारकून होते. ते स्वभावाने उमदे आणि बोलण्यात गोड, परंतु हाताचे फार सैल होते. मिळकतीपेक्षा त्यांचा खर्च नेहमी चार पैसे अधिकच असे. १८२२ साली त्यांची बदली लंडनला झाली आणि कुटुंब शहराच्या कडेच्या कॅम्डन टाउन या वस्तीत राहावयास आले. तेथे चार्ल्सची शाळा सुटली. सावकारांचे तगादे सुरू झाले आणि घरातील एकेक वस्तू बाहेर जाऊ लागली. प्रथम गेली ती पुस्तके. ज्या गोष्टींच्या पुस्तकांवर त्याचा जीव होता, तीच विकण्यासाठी दुकानात घेऊन जाण्याचे काम त्याच्या वाट्याला आले.

१८२४ च्या फेब्रुवारीत चार्ल्सला बारावे वर्ष पूर्ण झाले. त्याच सुमारास घरच्यांनी त्याला वॉरन नावाच्या बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला लावले. हा कारखाना थेम्स नदीच्या काठी हंगरफर्ड घाटाजवळ एका मोडकळीस आलेल्या घरात होता. तेथील लाकडी जमीन कुजली होती आणि तळघरात उंदरांचा सुळसुळाट होता. पॉलिशच्या बरण्यांच्या तोंडावर आधी तेलकट कागद आणि मग निळा कागद बसवायचा, दोरी आवळून बांधायची, कागदाच्या कडा कातरून सारख्या करायच्या आणि वर नावाची चिठ्ठी चिकटवायची, असे हे काम असे. ते दिवसाचे दहा तास चाले. आठवड्याची मजुरी सहा ते सात शिलिंग, आणि तेवढ्यात आठवडाभराचे जेवण भागवावे लागे. सकाळी कामावर जाताना मिठाईच्या दुकानाबाहेर निम्म्या किमतीला मांडलेले शिळे पदार्थ पाहून त्याला मोह आवरत नसे आणि मग दुपारच्या जेवणाला पैसे उरत नसत. अशा दिवशी तो कॉव्हेंट गार्डनच्या मंडईत जाई आणि तेथे रचून ठेवलेल्या अननसांकडे नुसता पाहत उभा राही.

थोड्याच दिवसांत आणखी एक संकट कोसळले. कर्ज फेडता न आल्यामुळे वडिलांना मार्शलसी येथील ऋणकोंच्या तुरुंगात टाकण्यात आले. त्या काळी कर्जदाराला असे कोंडून ठेवण्याचा कायदा होता, आणि त्याच्या बायकामुलांना त्याच्यासोबत आत राहण्याची मुभा असे. आई व लहान भावंडे तुरुंगात राहावयास गेली. चार्ल्स मात्र बाहेर भाड्याच्या खोलीत एकटा राहिला.

कारखान्यात बॉब फेगिन नावाचा त्याच्याहून मोठा मुलगा होता. दोरीची गाठ कशी मारायची, हे त्यानेच चार्ल्सला शिकवले होते. एके दिवशी चार्ल्सच्या कुशीत असह्य कळा येऊ लागल्या. बॉबने त्याला गवतावर निजवले, पॉलिशच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरले आणि अर्धा दिवस त्याची कूस शेकली. संध्याकाळी त्याला एकट्याला जाऊ देण्यास तो तयार होईना, घरापर्यंत पोचवण्यासाठी सोबत निघाला. आता याला तुरुंगाची गोष्ट कळणार, या विचाराने चार्ल्स कासावीस झाला. नदीवरचा पूल ओलांडताच त्याने एका अनोळखी घराच्या पायरीवर उभे राहून हेच आपले घर असे भासवले आणि बॉबचा निरोप घेतला. बॉब मागे वळून पाहील, या भीतीने त्याने दारही ठोठावले. दार उघडणाऱ्या बाईला त्याने मिस्टर रॉबर्ट फेगिन येथेच राहतात का, असे विचारले.

वडील तीन महिन्यांनी सुटले. चार्ल्सचा कारखाना मात्र त्यानंतरही काही काळ सुटला नाही. अखेर वडिलांनी त्याला तेथून काढून शाळेत घातले. आईचे मत त्याने पुन्हा कामावर जावे असे होते, आणि ते तो जन्मभर विसरला नाही. कारखान्यातले हे दिवस वर्षभराचेही नव्हते, परंतु त्यांतील पायपिटीने त्याला लंडनची गल्लीन्‌गल्ली पाठ करून दिली. गहाणाचे दुकान कोठे आहे, भिकारी रात्री कोठे निजतात, नदीच्या चिखलात उतरून मुले काय वेचतात, हे त्या वयात त्याला जेवढे कळले, तेवढे मोठमोठ्या विद्वानांनाही ठाऊक नव्हते.

पंधराव्या वर्षी तो एका वकिलाच्या कचेरीत कारकून झाला. नंतर चिकाटीने लघुलेखन शिकून तो पार्लमेंटमधील भाषणे टिपणारा वार्ताहर बनला. १८३३ च्या डिसेंबरात त्याचे पहिले लिखाण एका मासिकात छापून आले. लंडनचे रस्ते, दुकाने, भाड्याच्या गाड्या आणि त्यांचे गाडीवान यांवरील त्याची लहान लहान शब्दचित्रे लोकांना आवडू लागली. 'बॉझ' या टोपणनावाने ती १८३६ साली पुस्तकरूपाने निघाली.

त्याच वर्षी 'पिकविक पेपर्स' ही त्याची कादंबरी मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध होऊ लागली. ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. त्या काळी तीन खंडांची नवी कादंबरी विकत घ्यावयाची तर साडेएकतीस शिलिंग मोजावे लागत. सामान्य माणसाला ते कसे परवडावे? डिकन्सच्या कादंबरीचा हप्ता मात्र एका शिलिंगाला मिळे, आणि त्यात चित्रेही असत. ज्याच्यापाशी एक शिलिंगही नसे, तो दुसऱ्याने वाचलेले ऐके. आरंभी या हप्त्यांचा खप जेमतेम काही शेकडा होता. चौथ्या हप्त्यात सॅम वेलर नावाचे एक पात्र अवतरले आणि मग खप वाढत वाढत अखेरीस चाळीस हजारांवर गेला. सॅम वेलर हा लंडनमधल्या एका जुन्या सराईच्या आवारात पाहुण्यांचे बूट घासणारा, हजरजबाबी नोकर. त्याच्या पहिल्याच प्रसंगात बुटांना कोणते पॉलिश लावले आहे, याचा उल्लेख करताना डिकन्सने वॉरनच्या नावाचीही हळूच थट्टा केली आहे. वाचकांना त्यात विनोदापलीकडे काही दिसले नाही. दिसणार तरी कसे?

पाहता पाहता डिकन्सचे लंडन पुस्तकाबाहेर पडले. पिकविकच्या नावाने टोप्या, काठ्या आणि सिगार विकले जाऊ लागले. कादंबरीचे हप्ते अजून पुरे व्हायचे होते, तोच नाटकवाल्यांनी मनास येईल तसा शेवट जुळवून तिचे प्रयोग लावले. लेखकाची परवानगी घेण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. 'ऑलिव्हर ट्विस्ट' या पुढच्या कादंबरीचा असाच एक प्रयोग पाहावयास डिकन्स स्वतः गेला होता. आपल्या कथेची झालेली दशा पाहून तो पहिल्याच प्रवेशात प्रेक्षागृहातील कक्षाच्या कोपऱ्यात जमिनीवर आडवा झाला आणि पडदा पडेपर्यंत उठला नाही.

'ऑलिव्हर ट्विस्ट' ही एका अनाथ मुलाची कथा आहे. तो निर्धनगृहातून लंडनला येतो आणि खिसेकापू पोरांच्या टोळीत सापडतो. या कथेत डिकन्सने जेकब्स आयलंड या नदीकाठच्या वस्तीचे वर्णन केले. तिच्याभोवती घाणेरड्या पाण्याचे खंदक होते आणि त्यांवर घरांच्या मागच्या, डुगडुगत्या लाकडी सज्जा लोंबत होत्या. लंडनचे माजी महापौर सर पीटर लॉरी यांनी १८५० साली एका सभेत असे सांगितले, की ही वस्ती केवळ कादंबरीत आहे, पृथ्वीवर नाही. वस्ती तर होतीच. आदल्याच वर्षी तेथे पटकीच्या साथीने माणसे मेली होती. डिकन्सने कादंबरीच्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मोठे मार्मिक उत्तर दिले. जे कादंबरीत आले ते जगात नसते असा नियम मानला, तर सर पीटरही नाहीतच असे म्हणावे लागेल, कारण तेही आपल्या एका पुस्तकात येऊन गेले आहेत, असा त्याचा आशय होता. पुढे ते खंदक बुजवण्यात आले.

परंतु लोकप्रिय चित्र जितके प्रभावी, तितके ते एखाद्यावर अन्यायही करू शकते. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधील चोरांच्या म्होरक्याला डिकन्सने फेगिन हे नाव दिले. ज्याने मायेने कूस शेकली त्याचेच नाव त्याने खलपुरुषाला का द्यावे, हे एक कोडेच आहे. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की हा फेगिन ज्यू दाखवला होता आणि पानोपानी त्याचा उल्लेख नावाऐवजी त्याच्या जातीनेच केला होता. १८६३ साली इलायझा डेव्हिस या ज्यू बाईंनी डिकन्सला पत्र लिहून, यामुळे सबंध समाजाला कलंक लागतो, असे कळवले. प्रथम डिकन्सने आपली बाजू मांडली, पण ते शब्द त्याच्या मनाला लागले असावेत. पुढच्या कादंबरीत त्याने राया नावाचा एक सज्जन ज्यू रंगवला, आणि १८६७ च्या आवृत्तीत 'ऑलिव्हर ट्विस्ट'च्या उत्तरार्धातील ते उल्लेख ठिकठिकाणी गाळले. तरीही फेगिनचे जुने रूप नाटकांतून व बोलपटांतून चालतच राहिले. डेव्हिड लीन या दिग्दर्शकाने १९४८ साली काढलेल्या बोलपटातील फेगिनवर अमेरिकेत एवढा आक्षेप घेतला गेला, की तो तेथे १९५१ पर्यंत दाखवला गेला नाही.

डिकन्सच्या चित्रात आणखीही एक उणीव आहे. त्याच्या कथेतील गरीब मुलाला पुष्कळदा एखादा दयाळू श्रीमंत गृहस्थ भेटतो आणि त्याचे भले होते. खऱ्या लंडनमध्ये हजारो मुलांना असे कोणी भेटले नाही. डिकन्सलाही हे पुढे उमगले असावे. १८५२–५३ मधील 'ब्लीक हाउस' या कादंबरीत जो नावाचा रस्ता झाडणारा पोर कोणी वाचवण्यापूर्वीच मरतो. या कादंबरीच्या आरंभी नदीवर, गलबतांवर आणि माणसांच्या घशात शिरणारे जे धुके आहे, तेच पुढे जगभर लंडनचे धुके म्हणून प्रसिद्ध झाले. डिकन्सने ते केवळ शोभेसाठी आणलेले नाही. ज्या न्यायालयात खटले पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळत, त्याच्या कारभारातील अंधार त्याला दाखवायचा होता. बोलपटांनी धुके तेवढे उचलले.

कीर्ती आणि पैसा मिळाल्यावरही डिकन्सची पायपीट थांबली नाही. दिवसाला बारा-पंधरा मैल चालणे हा त्याचा परिपाठ होता. झोप न आल्यास तो रात्रभर लंडनच्या रस्त्यांतून हिंडे. १८४६ साली तो स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहून लिहीत होता. समोर निळे सरोवर आणि हिमाच्छादित पर्वत होते, पण त्याचे लिखाण पुढे सरकेना. गर्दीचे रस्ते डोळ्यांपुढे नसले, की आपली पात्रे जागच्या जागी थबकतात, असे त्याने मित्राला कळवले.

एका ठिकाणी मात्र हे पाय वळत नसत. हंगरफर्डचा तो जुना घाट नाहीसा होईपर्यंत त्या बाजूला जाण्याचे धैर्य त्याला झाले नाही. कारखान्याची हकीकत त्याने जॉन फॉर्स्टर या जिवलग मित्राला तेवढी सांगितली होती. 'डेव्हिड कॉपरफील्ड' या कादंबरीत त्याने ती लिहिलीही, पण पॉलिशच्या जागी दारूच्या बाटल्या घातल्या. ती सारी कल्पनाच आहे, असे समजून वाचक रडले.

१८६९ च्या नाताळात डिकन्सच्या घरी सर्वजण स्मरणशक्तीचा एक खेळ खेळत होते. प्रत्येकाने आधीची सगळी नावे म्हणून दाखवायची आणि शेवटी स्वतःचे एक जोडायचे. डिकन्सची पाळी आली, तेव्हा त्याने वॉरनच्या पॉलिश-कारखान्याचे नाव पत्त्यासह घेतले. त्या वेळी त्याच्या डोळ्यांत चमकलेले काही आणि आवाजातला बदल मुलगा हेन्री याच्या ध्यानात आला, परंतु त्याचा अर्थ कोणालाच कळला नाही.

९ जून १८७० रोजी डिकन्स वारला. त्याचा देह वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरण्यात आला. कबर काही दिवस उघडी ठेवली होती. हजारो माणसे तेथून गेली, आणि फुले टाकणाऱ्यांत लंडनचे गोरगरीबही होते. दोन वर्षांच्या आत फॉर्स्टरने त्याचे चरित्र प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ते वाचल्यावरच हेन्रीला त्या नाताळच्या संध्याकाळचा उलगडा झाला.