काका केळकरांची निरवानिरव

स्मरणिकेसाठी एखाद्या नामवंत व्यक्तीविषयी लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा मला पहिले नाव सुचले ते पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर यांचे. त्यामागे माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकतो.

माझ्या माळ्यावर चाळीस वर्षांत जमलेल्या समया, लामणदिवे, पानाचे डबे, अडकित्ते आणि शेर-मापटी आहेत. आपले मलकापूर म्हणजे विशाळगडकर पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे ठिकाण. आपल्या लहानपणी जुन्या घरांतून अशा वस्तू सर्रास दिसत. पुढे घरे उतरवली गेली आणि पितळ मोडीत वजनावर गेले. त्यातले जे हाती लागले ते मी ठेवले. आता सत्तरी उलटली. मुले बाहेरगावी, फ्लॅटमध्ये राहतात. तिथे लामणदिवा टांगायचा कुठे? माझ्यामागे हे सारे पुन्हा त्याच मोडीच्या तराजूत जाईल, ही धास्ती मला आहे.

केळकरांपुढे हाच प्रश्न होता, फक्त कितीतरी मोठा. लोक त्यांना काका म्हणत. जन्म १० जानेवारी १८९६ चा. चरितार्थासाठी चष्म्यांचा व्यवसाय आणि मनाच्या ओढीने कविता; त्या ते ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहीत. इतिहासाच्या वेडापायी ते जुन्या घराण्यांच्या वाड्यांतून जाऊ लागले आणि १९२० नंतरच्या काळात वस्तू जमवण्याचा छंद जडला. तो सुमारे सत्तर वर्षे सुटला नाही.

शस्त्रे आणि चित्रे त्यांनीही मिळवली. पण त्यांची नजर खरी रमली ती घरातल्या रोजच्या वापराच्या वस्तूंत. दिवे, दौती, अडकित्ते, पानपुड्याचे डबे, पाय घासायच्या वज्री, बाहुल्या, वाद्ये, स्वयंपाकघरातली भांडी, कोरीव दरवाजे. ज्यांना कुणी इतिहास म्हणत नव्हते, त्या वस्तूंत त्यांना अनाम कारागिराचा हात दिसला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणून जपले. या साऱ्यात पत्नी कमलाबाईंची साथ होती. घरात पैसा येण्याआधी वस्तू येत असताना संसार चालवणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी गृहिणींना वेगळे सांगायला नको.

या दांपत्याचा मुलगा राजा लहानपणीच, सातव्या वर्षाच्या सुमारास, गेला. ज्याच्या हाती हे सारे सोपवायचे तोच राहिला नाही. काकांनी संग्रहालयाला त्याचे नाव दिले. आज आपण ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ म्हणतो, त्यातला राजा म्हणजे तो मुलगा. वडिलांची वस्तू मुलाकडे जाते, ही जगाची रीत. इथे वडिलांनी मुलाच्या नावाने सगळ्यांच्या मुलांना वारस केले.

संग्रह वाढत वाढत वीस हजार वस्तूंच्या घरात गेला. त्याची बाजारात किंमत केली असती तर काका श्रीमंत झाले असते, पण संग्रह फुटला असता. त्यांनी तो १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेव्हा त्यांचे वय ७९ होते. १७ एप्रिल १९९० ला ते गेले. म्हणजे दान दिल्यावर पंधरा वर्षे त्यांना ते डोळ्यांनी पाहता आले. मला मोठे वाटते ते हे. मृत्युपत्रात लिहिलेले काम वारस आपापल्या कुवतीने करतात. हयातीत दिलेल्या वस्तूबरोबर तिची माहितीही देता येते. हा दिवा कुठला, कुणी दिला, कशासाठी वापरत, हे सांगणारा माणूस समोर असतो.

सगळ्यांनाच अशी निरवानिरव जमत नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्याला वारले, तेव्हा त्यांची दप्तरे सांभाळायला चाहत्यांनी लगोलग संशोधन मंडळ उभारले म्हणून ती वाचली. असे चाहते प्रत्येकाच्या वाट्याला येतातच असे नाही.

काकांचा संग्रह कुठे आणि माझा माळा कुठे! तरीही त्यांच्यापासून धडा घेऊन गेल्या दिवाळीपासून मी एक वही घातली आहे. प्रत्येक वस्तूला नंबर, फोटो, कुठून मिळाली, वापर काय. शंभरावर नोंदी झाल्या. मुलांना बसवून वही वाचून दाखवली. ज्याला जे मनापासून हवे ते त्याने निवडले; थोरल्याने आजीचा पानाचा डबा घेतला. उरलेल्यांवर दोघांनीही हक्क सोडला, तोही आनंदाने. तसे कागद साक्षीदारांसमोर करून ठेवणार आहे.

उरलेल्या वस्तू आपल्या शाळेला द्याव्यात, असे मनात आहे. पण नुसते दान देऊन शाळेच्या डोक्यावर ओझे टाकायचे नाही. एक कोरडी खोली, कुलपाची कपाटे, आणि वर्षातून एकदा वहीशी वस्तू ताडून पाहणारा कुणीतरी, एवढे जमत असेल तरच. कपाटांचा खर्च मी देईन. मोजणीचे काम आपल्या बॅचने पाळीपाळीने करायचे का, हे मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ठरवू. मी वही घेऊन येतो. तुमच्याही माळ्यावर काही असेल तर त्याची यादी घेऊन या.